आडवे कार्बोरेटर, बारीक जेट

जुन्या गाडीचे बॉनेट उघडले आणि इंजिनाच्या कुशीला दोन आडवे कार्बोरेटर चार तोंडे बाहेर काढून बसलेले दिसले, की भोवतीची माणसे जरा जास्त रेंगाळतात. त्यात देखणेपणाचा वाटा मोठा आहे, हे आधीच मान्य करून टाकू. पण देखणेपणा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. १९५० ते १९८० या काळातल्या चार सिलिंडरच्या गाडीला जोडीचे साइडड्राफ्ट कार्बोरेटर बसवावेत का? बसवायचे तर कोणते? आणि बसवल्यावर गाडी नीट चालावी म्हणून काय काय करावे लागते? यावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत पुस्तके निघाली, गॅरेजागॅरेजांतून वाद झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत. बहुतेक वाद मेन जेट किती नंबरचा आणि हॉर्सपॉवर किती वाढली, याभोवती फिरतात. माझ्या मते गाडी तिथेच चुकीच्या फाट्याला लागते. रस्त्यावर चालवायच्या गाडीचे सुख ठरते ते व्हेंचुरीच्या, म्हणजे कार्बोरेटरातल्या हवेच्या अरुंद वाटेच्या, मापावर, आयडल जेटवर आणि थ्रॉटलच्या सांध्यांवर. आणि या सगळ्याच्या आधी, प्लगमधल्या ठिणगीवर.

मुळात दोन कशाला? साध्या गाडीत एकच कार्बोरेटर चारही सिलिंडर पोसतो. पेट्रोल मिसळलेली हवा मॅनिफोल्डमधून वळणे घेत जाते. मधल्या सिलिंडरांना वाट जवळची, टोकाच्यांना लांबची. वळणावर हवा वळते, पण पेट्रोलचे जड थेंब सरळ जाऊन भिंतीवर आदळतात. परिणामी एका सिलिंडरला मिश्रण दाट मिळते, दुसऱ्याला पातळ. मग सगळ्यात उपाशी सिलिंडर सांभाळण्यासाठी बाकीच्यांना जास्त खाऊ घालावे लागते. वेबर डीसीओईसारख्या कार्बोरेटरात एका फ्लोट चेंबरच्या दोन बाजूंना दोन आडव्या नळ्या असतात. असे दोन कार्बोरेटर लावले, की प्रत्येक सिलिंडरला आपली नळी, आपला बटरफ्लाय, आपले जेट. वाट आखूड आणि जवळजवळ सरळ. पेडल दाबताच इंजिन ज्या तत्परतेने उत्तर देते, ते या सरळ वाटेमुळे. जास्तीत जास्त ताकदीतली वाढ ही त्यानंतरची गोष्ट, आणि नुसते कार्बोरेटर बदलून ती पुष्कळदा अपेक्षेपेक्षा कमीच असते.

या जातीचे घराणे इटालियन. एदोआर्दो वेबर यांनी १९२३ मध्ये बोलोन्यात कारखाना काढला. १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, ते बेपत्ता झाले आणि कंपनी पुढे फियाटच्या छत्राखाली गेली. जोडीच्या आडव्या वेबरना घराघरांत नेले ते आल्फा रोमिओने. जुलिएत्ता वेलोचे, नंतर १९६० च्या दशकातल्या जुलिया आणि जीटी या मालिकेतल्या गाड्या, म्हणजे शर्यतीचे सामान बाजारहाटाच्या गाडीत. आल्फाने वेबरवरच भिस्त ठेवली नाही. त्याच इंजिनांवर देल'ओर्तोचे डीएचएलए आणि सोलेक्सचे कार्बोरेटरही कारखान्यातून बसून आले. इंग्लंडमध्ये लोटसच्या एलान आणि लोटस कॉर्टिनाने, जर्मनीत १९६८ च्या बीएमडब्ल्यू २००२ टीआयने (तिथे सोलेक्स ४० पीएचएच) तोच मार्ग धरला. जपानमध्ये मिकुनीने सोलेक्सचा परवाना घेऊन इतके सुबक काम केले, की टोयोटा २००० जीटीच्या सहा सिलिंडरांवर तीन मिकुनी-सोलेक्स बसले आणि आजही जुन्या जपानी गाड्यांचे चाहते ते वेबरपेक्षा उजवे मानतात. देल'ओर्तोबद्दलही असेच बोलले जाते: हळू पेडलवर तो जास्त मऊ चालतो. त्यात तथ्य आहे. पण आज सुटे भाग, जेट आणि पुस्तकी ज्ञान यांचा साठा वेबरच्या बाजूला इतका आहे, की नव्याने घ्यायचे असेल तर बहुतेकांनी वेबरच घ्यावा. आधीपासून गाडीवर देल'ओर्तो किंवा मिकुनी असेल तर मात्र तो काढून वेबर लावणे हा शुद्ध आडमुठेपणा.

दुसरे घराणे इंग्रजी, आणि त्याला उगाच गरिबांचे समजले जाते. एसयू. जोडे-चपलांच्या व्यापारातल्या स्किनर कुटुंबातल्या भावांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो घडवला. सुरुवातीच्या नमुन्यांत पिस्टनऐवजी चामड्याचा भाता होता. एसयूत व्हेंचुरीचे माप कायमचे ठरलेले नसते. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा एक पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट तेवढीच मोठी होते, आणि पिस्टनच्या पोटाला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकून तेवढेच पेट्रोल सोडते. जेट एक, सुई एक, वर डॅशपॉटमध्ये थोडे तेल. वेबरमध्ये ज्या कामाला सहा-सात वेगवेगळे पितळी तुकडे लागतात, ते इथे एका सुईच्या उतारावर भागते. याचे ट्यूनिंग बघण्यासारखे असते. इंजिन गरम करून कार्बोरेटरच्या पोटाखालची बारीक पिन बोटाने हळूच वर दाबायची, पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलला जाईल इतपत. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर मिश्रण दाट. लगेच मान टाकायला लागले, तर पातळ. क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आले, की झाले. ना मीटर, ना लॅपटॉप.

कोणते घराणे आपल्या गाडीला चालेल, हे मनावर नसते. ते सिलिंडर हेड ठरवते. आपल्याकडे अनेकांच्या गॅरेजात अजून अँबॅसेडर आहे, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. तिचे १४८९ सीसीचे इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी-सिरीज. त्याच्या हेडला चार सिलिंडरांसाठी हवेची दारे दोनच. एका दारातून दोन सिलिंडर पाळीपाळीने पितात. अशा हेडवर दोन डीसीओई, म्हणजे चार नळ्या, लावून काय साधणार? 'प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी' हा या साऱ्या खटाटोपाचा प्राणच तिथे उरत नाही. याच १४८९ सीसी इंजिनावर १९५५ मध्ये एमजी-ए ही स्पोर्ट्स कार आली, ती दोन एसयू घेऊन. दोन दारे, दोन कार्बोरेटर, हिशेब चोख. तिची ताकद ७० हॉर्सपॉवरच्या आसपास होती, आपल्या अँबॅसेडरपेक्षा बरीच जास्त, पण त्यात कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्टचाही वाटा होता. नुसते एसयू डकवून अँबॅसेडरची एमजी होत नाही. तरीही अँबॅसेडरवाल्याला जोडीचा सोस असेल, तर त्याची वाट ही आहे, वेबरची नव्हे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी तर एका डाउनड्राफ्ट कार्बोरेटरवर, १०८९ सीसीवर आयुष्य काढायला जन्मली. तिच्यावर हजारो रुपयांचे इटालियन पितळ लादण्यापेक्षा आहे तो कार्बोरेटर नीट खोलून साफ करावा.

उलट टोक लोटसचे. त्यांच्या ट्विन-कॅम इंजिनाच्या हेडमध्ये वेबरसाठीचे मॅनिफोल्ड हेडसोबतच एकसंध ओतलेले असते. पुढे अमेरिकेच्या धूरनियमांसाठी काही गाड्यांना दोन स्ट्रॉमबर्ग लावले, तेव्हा हेडच वेगळे ओतावे लागले. त्यामुळे 'वेबर हेड' आणि 'स्ट्रॉमबर्ग हेड' अशा दोन जाती झाल्या, आणि एका जातीतून दुसऱ्या जातीत जायचे तर करवत लागते. आल्फा आणि बीएमडब्ल्यूच्या बाबतीत वाद आणखी वेगळा. अमेरिकेत विकलेल्या आल्फांना १९६९ पासून स्पीकाचे यांत्रिक इंजेक्शन होते, २००२ टीआयआयला कुगेलफिशरचे. कित्येक मालकांनी ते समजत नाही म्हणून काढले आणि वेबर बसवले. मिस्त्री मिळत नाही ही अडचण खरी. पण नीट लावलेले स्पीका वेबरच्या जोडीला पेट्रोलच्या खर्चात सहज मागे टाकते, हे त्या इंजेक्शनवर हात बसलेले लोक सांगतात आणि मला ते पटते. मूळचे इंजेक्शन शाबूत असेल तर ते ठेवावे.

आता बसवण्याचे काम. इथे ज्याने घाई केली त्याने पुढचे सहा महिने ट्यूनिंगच्या नावाखाली भोगायचे. डीसीओईची पहिली खोड म्हणजे त्याला इंजिनाची थरथर सोसत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनाला ठरावीक वेगाला एक बारीक कंप असतो. कार्बोरेटर मॅनिफोल्डला कडक आवळला तर फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलला फेस येतो आणि जेट फेस पितात. म्हणून कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये रबरी ओ-रिंगवाली पट्टी देतात आणि नटाखाली दोन वेटोळ्यांचा स्प्रिंग वॉशर घालतात. हा नट हाताला घट्ट लागेपर्यंत आवळायचा नसतो. वॉशरच्या वेटोळ्यांमध्ये अर्धा-पाऊण मिलिमीटर फट दिसली पाहिजे, आणि कार्बोरेटर दोन्ही हातांनी धरून हलवला तर किंचित हलला पाहिजे. आपल्या मिस्त्रींना हे पटवणे कठीण जाते, कारण हलणारी वस्तू म्हणजे ढिली वस्तू हे आयुष्यभराचे शिक्षण. आल्फाने यासाठी रबर-धातूचे जोड आणि खालून आधाराच्या पट्ट्या दिल्या. हे रबर पंधरा-वीस वर्षांत आतून तडकते. वरून धड दिसते, पण तडीतून हवा आत शिरते, तेवढे मिश्रण पातळ होते आणि मालक बिचारा महिनोन्महिने जेट बदलत बसतो. जुन्या आल्फाचे कार्बोरेटर 'बिघडले' असे कोणी म्हटले, की आधी हे रबर काढून बोटाने वाकवून बघावे.

दुसरे, पेट्रोलचा दाब. डीसीओईला अडीच ते साडेतीन पीएसआय पुरतो. बाजारातले बरेच इलेक्ट्रिक पंप याच्या दुप्पट दाब देतात. मग निडल व्हॉल्व्हला तो रोखता येत नाही आणि ओव्हरफ्लो होतो. म्हणून प्रेशर रेग्युलेटर हवाच, आणि त्याच्यासोबत दाबाचा मीटर, निदान बसवतानापुरता. फ्लोटची उंची फ्लोटच्या जातीप्रमाणे बदलते. पितळी फ्लोटचे माप प्लॅस्टिकच्या फ्लोटला लावले तर सारा हिशेब चुकतो. उंची मोजताना झाकण उभे धरायचे, गॅसकेट जागेवर ठेवायचे आणि निडलमधली स्प्रिंगची गोळी दबू द्यायची नाही.

तिसरे, सांधे. थ्रॉटलची दांडी, तिचे चेंडूसांधे आणि स्प्रिंगा यांच्यात जितका ढिलेपणा, तितका दोन कार्बोरेटरांमध्ये दुजाभाव. एकाच टोकाकडून जोडी ओढली की स्पिंडल हळूहळू पिळवटतो आणि चौथ्या नळीचा बटरफ्लाय पहिलीच्या मागे राहू लागतो. दोन्ही कार्बोरेटरांच्या मधोमध लिव्हर असणे म्हणूनच बरे. इंजिन आपल्या रबरांवर डुलते आणि दांडी मात्र बॉडीला बांधलेली असते, तिथे केबल अधिक शहाणी. सगळे जोडून झाले, की कोणाला तरी गाडीत बसवून पेडल तळाला दाबायला सांगावे आणि चारही तोंडांतून बॅटरीने आत बघावे. बटरफ्लाय पूर्ण आडवे झालेले नाहीत, अशा गाड्या मोठ्या अभिमानाने फिरताना दिसतात. मालकाने ४५ चे कार्बोरेटर विकत घेतलेले असतात आणि त्यांतला चतुर्थांश भाग कधी उघडतच नाही.

एक गोष्ट बहुतेक माहितीपत्रके गाळतात. प्रत्येक नळी एकाच सिलिंडरची, म्हणून तिच्यातले व्हॅक्यूम सलग नसते. सिलिंडरच्या प्रत्येक घोटाला हिसका बसतो. ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि नीट जागेवरून घेतलेली नळी लागते. व्हॅक्यूमने ठिणगी पुढे नेणारा डिस्ट्रिब्युटर इथे गोंधळतो. बहुतेक जण तो काढून फक्त सेंट्रिफ्यूगल अॅडव्हान्सचा लावतात, आणि त्याचा आलेख इंजिनाला जुळवून घेणे हे कामही मग कार्बोरेटरच्या खर्चात धरले पाहिजे.

मापांकडे येऊ. '४० डीसीओई' यातला ४० म्हणजे बटरफ्लायचा व्यास. हवेला खरी कमरेत दाबणारी वस्तू म्हणजे आतली काढ-घाल करता येणारी व्हेंचुरी. ४० च्या आत तिशी-बत्तिशीची व्हेंचुरी घालता येते, छत्तीसच्या जवळचीही. बाजारात ४५ वाल्याचा तोरा मोठा असतो, पण आतली व्हेंचुरी सारखी असेल तर ४० आणि ४५ मध्ये फारसा फरक उरत नाही. लोटसने आपल्या १५५८ सीसी ट्विन-कॅमवर, १०५ हॉर्सपॉवर घोषित करताना, ४० डीसीओईत ३० मिलिमीटरचीच व्हेंचुरी ठेवली होती. त्यांना शर्यतीतले काही कळत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. तरी आज त्याच आकाराच्या, पाच हजार फेऱ्यांच्या वर क्वचितच जाणाऱ्या इंजिनांवर लोक चौतीसची व्हेंचुरी चढवतात. व्हेंचुरी मोठी झाली की कमी वेगाला हवा मंदावते, जेटवरची ओढ कमी होते, आणि अडीच-तीन हजार फेऱ्यांपर्यंत इंजिन अडखळते. मग ते अडखळणे झाकण्यासाठी आयडल जेट, पंप जेट सगळेच मोठे होत जाते, प्लग काळे पडतात आणि 'वेबर फार पेट्रोल खातो' ही म्हण तयार होते.

जेट निवडायला जुने सोपे सूत्र आहे. व्हेंचुरीच्या मापाला चारने गुणा, मेन जेटच्या जवळ पोचाल. त्यात पन्नास मिळवा, एअर करेक्टर मिळेल. ३२ ची व्हेंचुरी असेल तर १३० चा मेन जेट आणि १८० चा करेक्टर. मधल्या इमल्शन ट्यूबची निवड सिलिंडरच्या आकारावर: चारशे सीसीच्या सिलिंडरला एफ-१६ साधारण चालते, त्याहून लहानाला एफ-११. ही सुरुवात आहे. पण या सुरुवातीने मेन जेटचा प्रश्न नव्वद टक्के सुटतो. म्हणूनच त्यावर रात्र-रात्र वाद घालणे मला नेहमी गमतीचे वाटते. कारण गावात, हायवेवर, घाटात, हलक्या पेडलवर अडीच-तीन हजार फेऱ्यांपर्यंत डीसीओई मेन जेट वापरतच नाही. तो चालतो आयडल जेटवर. नाव आयडल, पण रोजच्या चालवण्याचा सिंहाचा वाटा त्याच्याच गळ्यात.

आणि हा जेट फार अवघड बसतो. जेटवरचा आकडा हा भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. पेट्रोल मात्र क्षेत्रफळाप्रमाणे वाहते. १३० च्या जागी १३५ घातला तर पुरवठा सुमारे आठ टक्क्यांनी वाढतो, हे झेपण्यासारखे. पण ५० च्या आयडल जेटच्या जागी ५५ घातला तर वाढ एकवीस टक्के! एका पायरीत सुका दुष्काळ संपून ओला सुरू होतो. म्हणून वेबरने आयडल जेटला दुसरा आकडा दिला, हवेच्या भोकाचा: ५०-एफ-८, ५०-एफ-९. भोक तेच, हवा वेगळी. एफ-९ थोडा दाट. अनुभवी माणूस पहिला आकडा जागेवर ठेवून दुसऱ्याशी खेळतो. हे तुकडे चांगल्या दुकानातले असावेत, नाही तर जेटवर छापलेला आकडा आणि भोकाचे माप यांची भेट झालेली नसते.

ट्यूनिंगचा क्रम सर्वांना माहीत असतो आणि कोणी पाळत नाही. टॅपेट, कॉम्प्रेशन, पॉइंट, टायमिंग, प्लगच्या तारा, हे आधी. मग पेट्रोलचा दाब आणि फ्लोट. मग इंजिन पूर्ण गरम करून दोन्ही कार्बोरेटरांमधला सांधा सोडायचा आणि प्रत्येक तोंडाला हवा मोजायचा मीटर लावायचा. मीटर नसेल तर रबरी नळीचे एक टोक कानात, दुसरे तोंडाशी. प्रत्येक नळीची स्स्स् एकाच पट्टीत आली पाहिजे. ही पद्धत हसण्यावारी नेऊ नये, कान तयार असेल तर ती मीटरच्या बरोबरीला येते. दोन कार्बोरेटर सारखे झाले पण एकाच कार्बोरेटरच्या दोन नळ्यांत फरक राहिला, तर स्पिंडल पिळलेला आहे असे समजावे. नंतरच्या स्पॅनिश वेबरांना यासाठी बायपास स्क्रू असतात, ते फक्त याच कामाला वापरावेत. त्यानंतर मिश्रणाचे चार स्क्रू, एकेक करून: आत फिरवत इंजिन अडखळेपर्यंत, मग बाहेर, सगळ्यात छान चालते त्या जागेपर्यंत. जुन्या, मोठ्या आट्यांच्या स्क्रूला एखादा फेरा पुरतो, बारीक आट्यांच्या स्क्रूला दोन-अडीच. याहून फार वेगळी संख्या आली तर आयडल जेट चुकला आहे.

आता जिथे बहुतेक गाड्या अडतात ती जागा. बटरफ्लायच्या कडेशी नळीच्या छताला तीन-चार सुईएवढी भोके असतात. पेडल किंचित दाबले, की बटरफ्लायची कड एकेक भोक उघडत जाते आणि मेन जेट जागा होईपर्यंत तीच इंजिनाला पोसतात. वेबरवर या भोकांच्या वर एक पितळी स्क्रू आहे; तो काढून बॅटरीच्या उजेडात वाकून बघितले, की बटरफ्लायची कड कुठे थांबली आहे ते स्पष्ट दिसते. इंजिन बंद पडू नये म्हणून कोणी आयडलचा स्क्रू दोन-दोन फेरे आत केलेला असेल, तर पहिले भोक आधीच उघडे पडलेले असते. मग मिश्रणाचा स्क्रू फिरवून काही फरक पडत नाही, आणि सिग्नलवरून निघताना गाडी एक झटका खाते. यावर उपाय मोठा जेट नव्हे. आयडलचा स्क्रू मागे घ्यायचा आणि इंजिन का तग धरत नाही ते शोधायचे. बहुतेक वेळा टायमिंग मागे असते किंवा हवा कुठून तरी चोरून आत येत असते.

या विषयावरच्या पुस्तकांत जॉन पासिनींचे जुने वेबर-ग्रंथ, पॅट ब्रेडनचे अमेरिकन पुस्तक आणि डेस हॅमिल यांचे वेबर-देल'ओर्तोवरचे पुस्तक ही तीन नावे वारंवार निघतात. पासिनी तपशिलाचा, हॅमिल हाताने काम करणाऱ्याचा. तिघांच्याही काळात घरगुती गॅरेजात वाइडबँड ऑक्सिजन मीटर नव्हता. आज तो आहे, आणि त्याने अनेक जुने अंदाज निकालात काढले. पेट्रोलच्या किती पट हवा, तर पूर्ण पेडलवर साडेबारा-तेरा, हलक्या पेडलवर साडेतेरा ते साडेचौदा, हे आकडे समोर दिसू लागले की प्लगचा रंग वाचण्याची कला मागे पडते. एक सावधानता मात्र हवी. शर्यतीचा कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनात आयडलवर न जळलेली हवा सायलेन्सरात निसटते आणि मीटर खोटेच 'पातळ, पातळ' ओरडतो. तिथे मीटर बंद करून कान उघडावा.

आपल्याकडच्या मालकांपुढे एक प्रश्न असा आहे, जो या पुस्तकांत कुठेच नाही. २०२३ पासून आपल्या पंपांवर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले, पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक सगळीकडे पोचले. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा पट. जेट जुनेच ठेवले तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडते, म्हणजे मेन जेटची जवळजवळ एक पायरी. दुसरीकडे उंचीवर विरळ हवेत कार्बोरेटर आपोआप दाट चालतो: पुण्याच्या साडेपाचशे मीटरवर अडीच-तीन टक्के, महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटरवर सहा-सात टक्के. म्हणजे इथेनॉलपूर्व काळातल्या युरोपीय पुस्तकातला जेट मुंबईत ई-२० वर पातळ पडेल आणि महाबळेश्वरला पोचेपर्यंत जवळपास बरोबर होईल. मुंबईकराने मेन जेट एक पायरी चढवावा. पुणेकराने आधी मीटर लावून बघावे, कदाचित काहीच करावे लागणार नाही. आयडल जेटला मात्र एफचा आकडा बदलूनच हात घालावा, कारण तिथली एक पायरी म्हणजे एकवीस टक्के, हे वर आलेच आहे. इथेनॉलचा खरा उपद्रव वेगळाच आहे. तो जुने रबर फुगवतो, कॉर्कची पॅकिंगे सोलतो आणि पाणी ओढून गाडी उभी असताना झिंकच्या भागांवर पांढरी बुरशी आणतो. महिनोन्महिने उभी राहणारी गाडी पेट्रोल काढून ठेवावी.

खर्चाबद्दल थोडक्यात. १९९० च्या दशकात बोलोन्यातले उत्पादन संपले आणि स्पेनमध्ये गेले. ते वेबर अजून मिळतात. त्यांच्या अर्ध्याहून कमी किमतीत हुबेहूब दिसणाऱ्या नकला मिळतात. त्यांचे ओतकाम बरे असते, पण वर सांगितलेली सुईएवढी भोके कुठे आणि किती मोठी पाडली आहेत, यावरच सगळे अवलंबून, आणि नकलेत नेमकी तीच चुकतात. जुना, झिजलेला पण अस्सल कार्बोरेटर नवे स्पिंडल, बेअरिंगे आणि गॅसकेट घालून उभा करणे त्यापेक्षा शहाणपणाचे. ज्यांना हा रविवारचा खेळ नको, फक्त दिसणे हवे, त्यांच्यासाठी डीसीओईच्याच चार बोल्टांवर बसणाऱ्या थ्रॉटल बॉडी मिळतात, आत इंजेक्शन आणि संगणक. त्या चोख चालतात. मला त्यात रस नाही, पण त्यांच्यावर टीका करण्यासारखेही काही नाही.

तर निवाडा असा. गाडी मूळची जोडीची असेल, आल्फा, लोटस, बीएमडब्ल्यू टीआय, तर जोडी राखावी, व्हेंचुरी कारखान्याच्या मापाची ठेवावी आणि पैसे रबर, सांधे व डिस्ट्रिब्युटरवर घालावेत. बी-सिरीजवाल्यांनी एसयू. बाकीच्यांनी, हेडला चार स्वतंत्र दारे असतील आणि दुरुस्तीचा कंटाळा नसेल, तरच या वाटेला जावे. आणि जो कोणी जाईल त्याला एकच विनंती: लोटसच्या ट्विन-कॅमवर डिस्ट्रिब्युटर थेट वेबरच्या खाली बसतो, इतरही अनेक गाड्यांत गळणारे पेट्रोल स्टार्टरवर पडते, ई-२० ला टिकणारी नवी पेट्रोल नळी आणि पक्क्या क्लिपा पहिल्या दिवशी लावा, आणि ड्रायव्हरच्या हाताला येईल अशा जागी अग्निशामक सिलिंडर बसवल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.